मदत हवी आहे: म्युझिक प्लेअरच्या जोडीचं अ‍ॅप नव्याने लिहितोय, प्लगिनपाशी अडलंय

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. बाबांच्या कॅसेटींवरून उतरवलेल्या घुमट आरत्या आणि नाट्यगीतं मी लिनक्सवर एमपीडीने (म्युझिक प्लेअर डीमन, पाठीमागे चालणारा प्लेअर) वाजवतो. चालू गाण्याचा राग, ताल आणि शब्द दाखवणारं एक छोटं अ‍ॅप पूर्वी लिहिलं होतं. ते पायथन २ मधलं. त्याचा सपोर्ट २०२० मध्येच संपला, म्हणून आता पायथन ३ आणि क्यूटीमध्ये (विंडो, बटणं बनवायची लायब्ररी) सगळं पुन्हा बांधतोय.

प्लेअरशी जोडणी जमली. ६६०० पोर्टवर ‘आयडल’ कमांड पाठवून ठेवली की गाणं बदलताच एमपीडी स्वतः कळवतो. एमपीडीच्या ठरावीक टॅगांत राग-तालाला जागा नाही, म्हणून ते फ्लॅक ऑडिओ फाइलच्या व्हॉर्बिस कॉमेंटमध्ये (फाइलमधली माहिती लिहायची जागा, हवं ते नाव देता येतं) लिहून थेट तिथूनच वाचतो.

खरी अडचण प्लगिनची, म्हणजे अ‍ॅपला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमांची. जुन्या अ‍ॅपमध्ये ते अ‍ॅपच्याच प्रोसेसमध्ये चालायचे. शब्द शोधणारा प्लगिन अडकला की अख्खी विंडो गोठायची. गेल्या चवथीला ऐन आरतीत तसंच झालं, आणि पडद्यावर बघून म्हणणारी मुलं मध्येच थांबली. मला ते फार लागलं. नुसते थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामं) वापरून भागणार नाही; प्लगिन क्रॅश झाला तर अ‍ॅपही जाऊ शकतं. म्हणून प्रत्येक प्लगिन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून जेसन (साध्या मजकुरात डेटा लिहायची पद्धत) पाठवायचं मनात आहे.

कोणी असं केलंय का? प्लगिनची आवृत्ती अ‍ॅपशी जुळते का, हे सुरुवातीलाच कसं तपासता? आणि गप्प बसलेला प्लगिन किती सेकंदांनी बंद करावा? यंदाच्या चवथीआधी हे चालू करायचंय.