मदत हवी आहे: कौलारू घराच्या माजघरात दिवसाउजेडी अंधार. काय करता येईल?

सोप्यावरची

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातलं आमचं घर नव्वदेक वर्षांचं आहे. दार उत्तरेला. पुढे सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसू. पूर्व-पश्चिमेच्या भिंती चुलत्यांच्या घरांशी सामाईक, म्हणजे त्या बाजूंना खिडकी काढायचा प्रश्नच नाही. माजघर १८ बाय ११ फूट. उजेड येतो तो फक्त सोप्याच्या आणि स्वयंपाकघराच्या दारातून. वर लाकडी माळा, त्याच्या वर मंगलोरी कौलं.

आई ७६ वर्षांची आहे. दिवसभर तिचं बस्तान माजघरात. सकाळी अकराला तांदूळ निवडायचे तर ताट घेऊन उंबऱ्यात येऊन बसते. सुईत दोरा ओवायला थेट अंगणात. "दिवसा कशाला दिवा लावायचा" हे तिचं ठाम मत, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटतं. मागच्या महिन्यात पाटाला अडखळली. लागलं नाही फारसं, पण मी घाबरले.

गावातल्या एका मिस्त्रींनी सुचवलं की उत्तरेच्या पाख्यावरची कौलं उतरवून पारदर्शक फायबरचा पत्रा टाका. शेजारच्या आळीत एकांनी तसं केलंय. मेमध्ये त्या खोलीत पाच मिनिटं उभं राहवत नाही, आणि चार-पाच वर्षांत पत्रा पिवळा पडलाय. तसलं नको. घर पाडून स्लॅब टाकण्याचा सल्लाही कृपया नको, तो भाऊ रोज देतो.

कौलावरचं मांजर

काचेची कौलं बसवा की. मंगलोरी कौलाच्याच मापाची मिळतात, रिपांवर तशीच बसतात. आमच्याकडे देवरुखला प्रत्येक घरात दोन-चार असतातच.

सोप्यावरची

दादा, दोन आहेत! आजोबांच्या वेळची. पण उजेड सगळा माळ्यावर पडतो. तिथे गोवऱ्या आणि जुने हंडे चकाचक दिसतात. खाली काही नाही.

अर्धा इंजिनिअर

मग तुमचा प्रश्न छपराचा नाही, माळ्याचा आहे. उजेड वर येऊन बसलाय, त्याला खाली यायला वाट नाही. काचेच्या कौलांच्या बरोबर खाली माळ्याच्या फळ्या काढा आणि दोन तुळयांच्या मधल्या जागेत लाकडी किंवा लोखंडी जाळी बसवा. जाळीपासून कौलापर्यंत चारी बाजूंनी प्लायचा खोका करा, आतून पांढराशुभ्र रंगवलेला. खालचं तोंड वरच्यापेक्षा रुंद ठेवा. खोका नसेल तर उजेड माळ्यावर इकडेतिकडे सांडतो आणि गोवऱ्याच तो पिऊन टाकतात.

दारांकडून फार आशा ठेवू नका. ढोबळ हिशेब असा की खिडकी किंवा दाराची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन-अडीच पट अंतरापर्यंत कामाचा उजेड पोचतो. जुनं दार साडेपाच फुटांचं, म्हणजे ११ ते १४ फूट. तेही बाहेर मोकळं आभाळ असेल तर. तुमच्याकडे मध्ये अख्खा सोपा आणि खाली आलेली वळचण आहे.

पाटीलवाडा

आमच्या मराठवाड्यात धाब्याच्या घरांना छतात सानं असायचं. एक भोक, पावसात वर घागर नाहीतर फरशी पालथी घालायची. दुपारी खाली उजेडाचा गोल पडायचा. आजी त्या गोलात बसून वाती वळायची आणि गोल सरकला की तीही सरकायची. घड्याळ वेगळं लागत नसे.

बाटलीवाला

ब्राझीलच्या उबेराबा गावातल्या आल्फ्रेडो मोझर नावाच्या मेकॅनिकने २००२ च्या सुमारास काढलेली युक्ती बघा. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, पाणी, शेवाळ धरू नये म्हणून थोडं ब्लीच, आणि पत्र्याला भोक पाडून बाटली अर्धी बाहेर अर्धी आत. भर उन्हात ४० ते ६० वॅटच्या बल्बइतका उजेड पडतो. नंतर फिलिपिन्समध्ये याची मोठी चळवळ झाली. खर्च जवळजवळ शून्य.

अर्धा इंजिनिअर

@बाटलीवाला, पत्र्याच्या खोलीला उत्तम. इथे मध्ये माळा आहे, बाटली फूटभराची. पुन्हा उजेड गोवऱ्यांनाच.

बाटलीवाला

हो, ते राहिलंच. गोवऱ्यांचं नशीब थोर.

गिरणगावकर

विषय निघालाच आहे म्हणून. आजोबा लालबागला गिरणीत विव्हिंग खात्यात होते. त्या शेडचं छप्पर करवतीच्या दातांसारखं, आणि दातांची उभी काचेची बाजू उत्तरेकडे. दिवसभर सारखा उजेड, मागावर उन्हाची तिरीप नाही, त्यामुळे तुटलेला धागा लगेच दिसायचा. ताई, तुमचं उत्तरेचं पाखं हीच तुमची जमेची बाजू. नवी कौलं घालाल ती तिकडेच घाला, दक्षिणेला नको.

पंचांगवाले काका

थोडी दुरुस्ती. उत्तरेच्या पाख्याला ऊन लागतच नाही असं समजू नये. साताऱ्याच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो माध्यान्हाला उत्तरेकडेच असतो. जून-जुलैत ढग सांभाळून घेतात, पण मे तापणार. खोक्याच्या वरच्या तोंडाला आतून एक पांढरं सुती कापड सरकवता येईल अशी दोरी ठेवा. डिसेंबरात मात्र दुपारी बारालाही सूर्य ४९ अंशांच्या आसपासच चढतो, त्या पाख्यावर ऊन अगदी तिरपं लागतं. तेव्हा कापड काढून ठेवायचं.

चुनाभट्टी

माजघराच्या भिंतींचा रंग कोणता? कुणी विचारलंच नाही.

सोप्यावरची

खालचा अर्धा गेरू, वरचा एकेकाळी पांढरा. धुराने आता चहासारखा झालाय. जमीन काळपट शहाबादी.

चुनाभट्टी

मग आधी तेच करा, बाकी नंतर. ताज्या चुन्याची भिंत पडलेल्या उजेडातला तीन-चतुर्थांशाहून जास्त परत टाकते. धुरकट भिंत बहुतेक सगळा गिळते. माळ्याच्या फळ्यांना खालून पांढरा हात मारा. तुळया तशाच राहू द्या, सागवान लपवायला जीव होत नाही. गेरू हवाच असेल तर वीतभर पट्टा ठेवा. आणि दोन काचेची कौलं आहेत म्हणता, ती शेवटची कधी पुसली होती?

सोप्यावरची

...

चुनाभट्टी

समजलं. 😄

कौलावरचं मांजर

वानरांचा त्रास असेल तर काचेच्या कौलांवर बारीक जाळी मारून घ्या. आमची दोन गेली गेल्या वर्षी. आणि एक-दोन जादा आणून ठेवा. दुकानात जाताना जुनं कौल सोबत न्या, मापात जरा फरक पडला की पावसात तिथूनच गळतं.

अर्धा इंजिनिअर

ताई, पैसे घालण्याआधी तालीम करा. रविवारी दुपारी दोन-चार साधी कौलं बाजूला सरकवा, खालच्या दोन फळ्या उचला, चारी बाजूंनी जुनी पांढरी चादर लावा. मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप असतं. आकडा अगदी अचूक नसतो, पण आधी-नंतरचा फरक कळतो. सोप्याच्या दारावर झरोका काढायचा विचार असेल तर भिंत पाहिल्याशिवाय कुणालाही छिन्नी लावू देऊ नका. दगडमातीच्या भिंतीत दारावरची लाकडी पाटईच वरचा भार धरून असते.

सोप्यावरची

तालीम झाली! भाऊसुद्धा हाताखाली होता, कुरकुरत का होईना.

आधी जुनी काचेची कौलं पुसली. बादलीभर काळं पाणी निघालं. मग उत्तरेच्या पाख्यावरची दोन साधी कौलं सरकवली, फळ्या उचलल्या, चादरी बांधल्या. माजघराच्या मधोमध, पाटावर फोन ठेवून: आधी ८ लक्स, नंतर ७० च्या वर. आभाळ थोडं ढगाळ होतं. चुना अजून दिलेला नाही.

आई काही बोलली नाही. स्वयंपाकघरातून सूप घेऊन आली आणि सरळ त्या उजेडात बसली. थोड्या वेळाने वर बघून म्हणाली, "अगं, केवढी जळमटं झालीत. इतके दिवस कुणी सांगितलं नाही."

आता चुना, खोका आणि चार नवी कौलं, या क्रमाने करायचं ठरलंय. @कौलावरचं मांजर, आमच्या जुन्या कौलांवर कारखान्याचा छाप पुसट झालाय आणि कराडच्या दोन दुकानांत माप जुळलं नाही. कोल्हापूर-सांगलीकडे कुठे जुन्या मापाची काचेची कौलं मिळतील का? पावसाआधी बसवायची आहेत.

कौलावरचं मांजर

नवीन दुकानांत नका फिरू. जुनी घरं उतरवणाऱ्यांकडे विचारा, त्यांच्या वखारीत ढिगाने पडलेली असतात. कौलाची लांबी, रुंदी आणि मागच्या खाचेचं अंतर इथे टाका, मी आमच्याकडच्याला फोन करतो.