ट्रान्सफॉर्मर्सच्या जुन्या कार्टूनच्या डीव्हीडी: राइनोचा बॉक्स घेऊ का शाउटचा?

प्राइमभक्त_मानेवाडा
नमस्कार मंडळी. ताई दिवाळीत न्यू जर्सीहून नागपूरला येऊन राहिली, तिला म्हटलं पोट्ट्यासाठी चॉकलेटं नको आणू, ट्रान्सफॉर्मर्सच्या जुन्या कार्टूनच्या डीव्हीडी आण. 1984 वालं, गाड्या-विमानांचे रोबोट होतात ते कार्टून म्हणतोय, नंतरचे ते धडामधुडुम सिनेमे नाही. आता तिथं तिला सेकंडहँड दुकानात दोन बॉक्स दिसले, एक राइनो कंपनीचा, स्वस्त, आणि एक शाउट फॅक्टरीचा, चांगलाच महाग. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विचारून राहिली कोणता घेऊ. दोन्हीवर चांगल्या रोबोटांचा म्होरक्या ऑप्टिमस प्राइमच आहे, मी काय सांगू तिला?

पोरगा सहा वर्षांचा. फोनवर एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होते आणि मग फोन हिसकावताना रोज रडारड. डिस्कचं बरं असते, एपिसोड संपला, मेनू आला, बंद कर म्हणता येते. बायको म्हणते पोराचं नाव करून स्वतःचीच हौस भागवून राहिले. असंन बा.

दुसरं म्हणजे घरी जुना डीव्हीडी प्लेयर पडून आहे, लाल-पिवळी-पांढरी वायरवाला, टीव्ही नवीन आहे. अमेरिकेची डिस्क त्याच्यात चालते का? आणि सहा वर्षांच्या पोराला हे कार्टून झेपंन का?

जुनीकॅसेट
शाउटचाच घ्या, स्वस्ताच्या मागे लागू नका. कारण सांगतो, थोडं लांबंल.

ते कार्टून अमेरिकेत सनबो आणि मार्व्हल प्रॉडक्शन्सनं बनवलं, पण चित्रं काढायचं काम मुख्यतः जपानच्या तोएईकडं होतं. एपिसोड काढले जायचे 35 एमएम फिल्मवर, मग चुकलेले शॉट परत काढून घ्यायचे, ते बदलायचे, आणि जे फायनल झालं ते टेपवर जाऊन टीव्हीवर दिसायचं. राइनोनं 2002 पासून डीव्हीडी काढल्या तेव्हा ते चांगल्या पिक्चरसाठी मूळ फिल्मकडं गेले. आता फिल्म टेपपेक्षा स्वच्छ दिसणारच, पण बऱ्याच एपिसोडची ती प्रिंट दुरुस्तीच्या आधीची निघाली. म्हणजे टीव्हीवर कधी गेलेच नाहीत ते चुकलेले शॉट डीव्हीडीवर आले. कुठं बंदुकीतून लेझरच निघत नाही, समोरचा मात्र आडवा पडते. कुठं रंग चुकलेला. आणि रंग चुकणं या कार्टूनमध्ये साधी गोष्ट नाही, कारण स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प ही तिन्ही विमानं एकाच साच्यातली खेळणी होती, फक्त रंग वेगळा. रंग बदलला की पात्रच बदललं! स्टारस्क्रीमच्या आवाजात निळं विमान बोलून राहिलं असं दिसते. बरं, मूळ प्रक्षेपणातही अशा चुका भरपूर होत्या, त्या राहू द्या, त्यात मजा आहे, पण राइनोनं त्यात भर टाकली. वरून 5.1 आवाज, म्हणजे चहूबाजूंनी येणारा, करायच्या नादात मूळमध्ये नसलेले साउंड इफेक्ट घुसवले ते वेगळंच.

शाउटनं 2009 मध्ये परत काढलं तेव्हा टीव्हीवर गेलेल्या टेपवरून दुरुस्त झालेले शॉट आणून जागच्या जागी बसवले. त्यामुळे मध्येच एखाद-दोन सेकंद पिक्चर थोडं धूसर होते. मला तरी ते चालते. जे लोकांनी तेव्हा पाहिलं ते पाहायला मिळते ना.

बर्डीचा_बावा
दादा प्लेयरचं मी सांगतो, आमचं हेच काम.

डीव्हीडीला रिजन असते, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागात चालंन त्याचा नंबर. अमेरिका 1, आपण 5. ब्रँडेड प्लेयर रिजनवर अडून बसू शकते, पण आपल्याकडे लोकल ब्रँडचे जे स्वस्त प्लेयर विकले गेले ते बरेचसे सगळ्या रिजनचं खातात. ताई यायच्या आधीच एखादी अमेरिकन डिस्क कोणाकडून मागून टाकून पाहा. नाही चालली तर मॉडेल नंबर टाकून शोधा, पुष्कळ प्लेयरमध्ये ट्रे उघडा ठेवून रिमोटवरून काही आकडे दाबले की लपलेला मेनू येते, तिथं रिजन शून्य करायचं, म्हणजे सगळ्या रिजनचं चालते. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये मात्र सावध, तिथं रिजन फक्त 5 वेळा बदलता येते, मग जे शेवटचं ठेवलं ते कायमचं.

एनटीएससी-पालचं, म्हणजे अमेरिकेच्या आणि आपल्या टीव्हीच्या वेगळ्या पद्धतीचं, टेन्शन घेऊ नका, नवीन टीव्ही दोन्ही दाखवते. जुन्या डब्ब्या टीव्हीवर कधीकधी ब्लॅक अँड व्हाइट यायचं, ते दिवस गेले. टीव्हीला तीन पिनांची जागा नसली तर मागे एक बारीक एव्ही जॅक असते का पाहा, त्याची वायर मिळते. तेही नसंन तर एव्हीचं एचडीएमआय करणारा छोटा डब्बा येते, बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, कुठंही मिळंन. घेताना बोर्ड नीट वाचा, उलटा डब्बाही मिळते, एचडीएमआयचं एव्ही करणारा, आणि दोन्ही दिसायला सारखेच.

आणि पडून राहिलेला प्लेयर म्हणता, तर पहिले ट्रे उघडते का पाहा. आत मोटर घुंऽऽ करते आणि ट्रे हलत नाही, असं झालं तर प्लेयर गेला समजू नका. आत एक रबरी बेल्ट असते बांगडीएवढा, तो ढिला होते. मेकॅनिकला फक्त बेल्ट बदलून दे म्हणा. डिस्क वाचत नसंन तर लेन्सवर धूळ. कूलरच्या समोर ठेवला होता का? आपल्याकडे उन्हाळाभर कूलरची ओली हवा थेट टीव्हीच्या टेबलावर, मग तक्रार घेऊन येतात लोक.

संत्राबर्फी
पोराच्या वयाचं कोणी बोललंच नाही, सगळे वायरीत गुंतले 😄

दादा, माझा मुलगाही त्याच वयाचा. 1984 वालं पहिल्या सीझनचं चालून जाईल, मारामारी आहे पण रोबोट रोबोटांत, रक्त वगैरे काही नाही. फक्त वाईट रोबोटांचा म्होरक्या मेगाट्रॉन चक्क पिस्तूल बनतो, आमच्याकडे दुसऱ्या दिवसापासून घरात प्रत्येक लांबट वस्तूचं पिस्तूल झालं, पट्टी, लाटणं, शेवग्याची शेंग. आणि साउंडवेव्ह टेपरेकॉर्डर बनतो हे बघून पोराने विचारलं, आई तो कोणता मोबाइल आहे? आता कॅसेट काय असते इथपासून सुरुवात.

पण एवढ्या लहानाला मी तरी रेस्क्यू बॉट्स देईन. तेही ट्रान्सफॉर्मर्सच, पण लहान मुलांसाठी काढलेलं, 2012 ते 2016, एकूण 104 भाग, त्याच्याही डीव्हीडी निघाल्यात. हीटवेव्ह फायर ब्रिगेडची गाडी, चेस पोलिस, बोल्डर बुलडोझर आणि ब्लेड्स हेलिकॉप्टर. ग्रिफिन रॉक नावाच्या बेटावर राहतात, कोणाला पाडायचं नाही, माणसं वाचवायची. ब्लेड्सला उंचीची भीती वाटते, हेलिकॉप्टर असून! आमचा त्याच्यावर फिदा, झोपाळ्यावर चढायला घाबरायचा, आता म्हणतो ब्लेड्सपण घाबरतो ना. भाषेचं म्हणाल तर पाकिटामागे बघून घ्या, इंग्रजीच असेल तर शेजारी बसून मराठीत सांगत राहा.

कळमन्याचा_कोपरा
शेवग्याची शेंग 😂😂 मेगाट्रॉनपेक्षा डेंजर

प्राइमभक्त_मानेवाडा
सगळ्यांचे आभार, बावा प्लेयरचं तुम्ही म्हटलं तसंच, घुंऽऽ करून राहिला. उद्या नेतो. ताईला शाउटचा पूर्ण सिरीजवाला घे म्हणून मेसेज टाकला. संत्राबर्फी ताई, रेस्क्यू बॉट्सचीही एक डिस्क सांगतो. एक राहिलं, पूर्ण बॉक्स घेतला म्हणजे सगळं आलं ना त्यात?

जुनीकॅसेट
नाही! हेच सांगायचं राहिलं होतं. बॉक्समध्ये चारही सीझनचे मिळून 98 एपिसोड येतात, पण 1986 चा सिनेमा येत नाही, तो वेगळा विकत घ्यावा लागते. आणि गोष्टीतला सगळ्यात मोठा भाग तिथंच आहे. तिसरा सीझन सिनेमाच्या नंतरचा, त्यामुळे दुसरा संपवून सरळ तिसरा लावला तर पोरगा विचारंन की प्राइम कुठं गेला आणि हा रॉडिमस कोण.

गेला म्हणजे मेला. खेळण्यांच्या हॅस्ब्रो कंपनीला जुनी खेळणी बंद करून नवीन विकायची होती म्हणून सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या तासात बरेच ऑटोबॉट, म्हणजे प्राइमच्या बाजूचे रोबोट, मारून टाकले. पोरं थिएटरात रडली, आईबापांनी ओरडा केला, तेव्हा 1987 मध्ये कार्टूनमध्ये प्राइमला परत आणावं लागलं. शिवाय सिनेमात एका जागी स्पाइक नावाच्या माणसाच्या तोंडी शिवी आहे, काही आवृत्त्यांत काढली, काहींत तशीच.

माझं म्हणणं, पोराला पहिले दोन सीझनच दाखवा. 65 एपिसोड होतात, रोज एक म्हटलं तरी दोन महिने निघतात. सिनेमा ताईकडून मागवून घ्या पण कपाटात वरच्या खणात ठेवा, तो आठ-नऊ वर्षांचा झाला की सोबत बसून पाहा.

संत्राबर्फी
+1. आणि त्या सिनेमाचं पाकीट दिसेल असं ठेवू नका, त्याच्यावर पण रोबोटच आहेत, तो तेच आधी मागेल.

बर्डीचा_बावा
बेल्ट बदलताना मेकॅनिकला लेन्सही पुसून दे म्हणा, वेगळे पैसे मागंन तर देऊ नका. आणि दादा टीव्हीचं पिक्चर 4:3 वर ठेवजा, वाइडवर ठेवलं तर प्राइम ट्रकचा बस होऊन जाते.