ट्रॉम्सोला चाललोय, वादळ आलं तर नॉर्दर्न लाइट्सचे फोटो कसे काढू?

गोदाकाठचा:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या शेवटी नॉर्वेत ट्रॉम्सोला चाललोय, मेव्हणा तिकडे नोकरीला असतो त्यामुळे राहायची सोय त्याच्याकडेच. तो म्हणतो सध्या सूर्य जोरात आहे, एखादं जिओमॅग्नेटिक वादळ (सूर्याकडून आलेल्या कणांनी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळतं ते) सापडलं तर बघत राहशील. माझ्याकडे कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ आणि ५५-२५०. आजवर नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी आणि घरातली लग्नं-मुंजी काढली, रात्रीचे फोटो म्हणजे रामकुंडावरची आरती, बास. यूट्यूबवर एक जण सांगतो शटर २० सेकंद ठेवा, दुसरा सांगतो २ सेकंद, कोणाचं ऐकायचं? नवीन लेन्स घ्यावी लागेल का? आणि वडिलांनी लडाखला आकाश लाल दिसल्याची बातमी वाचल्यापासून एकच धोशा लावलाय, की वादळ एवढं मोठं असतं तर आपल्या नाशिकजवळच्या अंजनेरीवरून का दिसत नाही, एवढा खर्च कशाला. त्यांना काय सांगू?

अंधारवेडा:
भाऊ, दोघंही बरोबरच सांगतायत, फक्त वेगवेगळ्या रात्रींबद्दल. शांत रात्री अरोरा (नॉर्दर्न लाइट्सचंच दुसरं नाव) म्हणजे उत्तरेला पसरलेली फिकट हिरवट कमान, ती जागची फार हलत नाही, तिथे एफ ३.५ ला आयएसओ ३२०० आणि १० ते १५ सेकंद चालतात. वादळात त्याच उजेडाचे पडदे डोक्यावर येऊन सळसळायला लागतात, अशा वेळी १५ सेकंद उघडं ठेवलंस की सगळ्या घड्या एकमेकींत मिसळून नुसता हिरवा चिखल मिळतो. तेव्हा १ ते ३ सेकंद, आणि उजेड भरपूर असेल तर आयएसओ १६०० वरही भागतं. म्हणजे आकडे पाठ करू नको, पडदे किती पळतायत ते डोळ्याने बघ आणि शटर त्या हिशोबाने कमी-जास्त कर.

आणखी एक, अंधारात कॅमेऱ्याची स्क्रीन फार उजळ दिसते, फोटो मस्त आलाय असं वाटतं आणि घरी लॅपटॉपवर बघावा तर काळा. हिस्टोग्राम (फोटोत उजेड-अंधार किती ते दाखवणारा आलेख) बघायची सवय लाव, तोही तिन्ही रंगांचा वेगवेगळा, कारण जोरदार अरोरात हिरवा रंग एकटाच उजवीकडे जाऊन आदळतो आणि साध्या हिस्टोग्राममध्ये ते कळत नाही. फोटो रॉ मध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढ. व्हाइट बॅलन्स ऑटो नको, कुठल्या तरी एकाच ठरलेल्या सेटिंगवर ठेवून दे, नाहीतर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा.

फोकस ही खरी डोकेदुखी. तुझ्या किट लेन्सवर इन्फिनिटीची खूणच नाही, आणि ऑटोफोकस अंधारात नुसता मागे-पुढे करत बसतो. मॅन्युअलवर टाक, लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा दहापट मोठा करून तो अगदी बारीक टिंब होईपर्यंत रिंग हळूहळू फिरव, मग रिंगवर चिकटपट्टी लाव. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद, २ सेकंदांचा टायमर चालू. हे सगळं इथेच शिकून जा. फेब्रुवारीत संध्याकाळी व्याधाचा ठळक तारा चांगला वर असतो, शहराबाहेर पडून वैतरणाच्या बाजूला जा आणि हातमोजे घालून ही सगळी बटणं टॉर्च न लावता चाचपून बघ. लोक हसतील, हसू दे.

लेन्स विकत घेऊ नको. ११-१६ एफ २.८ सारखी भाड्याने मिळाली तर घे, नाही मिळाली तर १८ वरच काढ. ५५-२५० घरी ठेवलीस तरी चालेल.

सातपूरची_ताई:
सेटिंगचं वर आलंच आहे, मी थंडीचं सांगते. निफाडला पारा चार-पाचवर गेला की आपण शेकोट्या पेटवतो, तिथे समुद्रकाठी उणे पाच-दहा आणि आत फिनलंडच्या हद्दीकडे गेलात तर उणे वीससुद्धा. आणि आत जावंच लागतं, कारण ट्रॉम्सो किनाऱ्यावर असल्याने ढग फार. आमचा ड्रायव्हर सॅटेलाइटचा ढगांचा नकाशा बघत गाडी पळवत होता, केपी (चुंबकीय खळबळ किती ते सांगणारा आकडा) किती आहे हे त्याने एकदाही विचारलं नाही. ट्रॉम्सो मुळातच अरोराच्या पट्ट्याखाली आहे, तिथे वादळाशिवायही दिसतो, आकाश मोकळं हवं एवढंच.

बॅटरी गारठली की चार्ज असून बंद पडते, म्हणून जादाच्या बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवायच्या. गाडीत किंवा घरात शिरायच्या आधी कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि तासभर उघडायचा नाही, नाहीतर आतपर्यंत दव धरतं. कार्ड मात्र आधीच काढून घ्या, फोटो बघायची घाई सगळ्यांनाच असते! आणि लेन्सवर फुंकर मारू नका, तिथल्या तिथे बर्फ होतो.

कुतूहल:
वडिलांचा प्रश्न मस्त आहे. १० मे २०२४ चं वादळ जी ५ म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं होतं, २००३ च्या ऑक्टोबरनंतरचं पहिलंच. तेव्हा लडाखला हानलेहून कॅमेऱ्यांनी क्षितिजाजवळचा लाल उजेड टिपला. लालच का, तर ऑक्सिजनचा हिरवा उजेड साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा आणि लाल २०० च्या वरचा, त्यामुळे लांबून बघताना खालचा हिरवा क्षितिजाखाली जातो आणि वरचा लाल तेवढा उरतो. हानले साडेचार हजार मीटरच्या आसपास, हवा कोरडी, अंधार गच्च. नाशिक तिथून जवळजवळ १३ अंश दक्षिणेला, त्यात शहराचा उजेड, अंजनेरीवर चढून काय होणार?

पण अगदीच अशक्य म्हणू नका हं. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईहून अरोरा दिसल्याची नोंद आहे, आणि मुंबई तर आपल्याही दक्षिणेला. त्याच्या आधी १८५९ च्या सप्टेंबरात कॅरिंग्टनचं वादळ आलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलेलं मोजलं गेलं, जगभरचे अभ्यासक आजही ती नोंद वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ते चुंबकीय काम अलिबागला हलवलं.

फोटोपुरतं सांगायचं तर केपी हा तीन तासांचा आणि अख्ख्या पृथ्वीचा आकडा, तो बघून पळापळ करण्यात अर्थ नाही. बीझेड बघ, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे वळलंय की दक्षिणेकडे तो आकडा. तो दक्षिणेकडे, म्हणजे उणे दाखवत राहिला की बाहेर पड. हे मोजणारे उपग्रह पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर एल १ नावाच्या जागी आहेत, आपलं आदित्यही तिथेच, त्यामुळे इशारा मिळतो तो पाऊण-एक तास आधी, कधी त्याहूनही कमी. आणि मोठ्या वादळात अरोराचा पट्टा खाली सरकतो, म्हणजे ट्रॉम्सोत तो तुझ्या डोक्यावर किंवा चक्क दक्षिणेला असेल. सगळे उत्तरेकडे ट्रायपॉड लावून बसतात, तू मागे वळून बघ.

गोदाकाठचा:
सगळ्यांचे आभार. वडिलांना १८७२ चं वाचून दाखवलं, तर म्हणाले, बघ, तेव्हा मुंबईकरांना नॉर्वेचं तिकीट काढावं लागलं नव्हतं. शनिवारी वैतरणाला जातोय, तेही येणार म्हणतायत. धरणाजवळ थांबलं तर चालतं का?

अंधारवेडा:
भिंतीजवळ नको, हटकतात. पाण्याच्या कडेकडेने पुढे जा आणि नाशिकचा उजेड पाठीशी घे. मी पण मोकळा आहे, निघायच्या आधी मेसेज टाक.