फोनला आपली बोली कळत नाही, म्हणून ती चूक?

मलप्रभाकाठ:
कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी सातवीला शिकवते. घरचं काम दोन मिनिटांत सांगा, आवाज रेकॉर्ड करून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, असं मुलांना सांगितलं होतं. एका मुलीनं मळणीबद्दल छान सांगितलं, सुरुवातच "आजी, काय करूलीस?" (काय करते आहेस?) अशी, आमच्या बोलीत. मिनिटभरात तिनं ते डिलीट केलं नि दुसरं टाकलं, "हाय गाइज, आज आपण बघणार आहोत..." असं. आजी त्यातून गेलीच.

दुसऱ्या दिवशी हळूच विचारते, "बाई, पहिलं कुणी ऐकलं नाही ना?" का गं, म्हटलं. तर म्हणाली, "फोनमध्ये बोलून टाइप करताना मी करूलास म्हटलं की तो भलतंच लिहितो. त्याला कळत नाही म्हणजे ते चूकच ना?"

मला उत्तर सुचलं नाही. २०२० साली शाळा बंद झाली तेव्हा फोनच शाळा झाला होता, आता पुस्तकातल्या धड्यांवरही क्यूआर कोड असतो. त्यातून ऐकू येतं ते सगळं पुस्तकी मराठी. ते यायला हवंच, पण घरचं बोलणं लपवावं लागावं, हे माझ्या जिवाला लागलं आहे. काय सांगू तिला?

निपाणीचा पोरगा:
बाई, पुण्यात इंजिनिअरिंगला आलो तेव्हा पहिलं वर्ष घरी फोन करायला मी गच्चीवर जायचो. "येऊलोय" म्हटलं की खोलीतले विचारायचे, तू कन्नड आहेस का? आणि बेंगळुरूला मामाकडे गेलो की मी महाराष्ट्राचा. तिला नुसतं "लाज बाळगू नको" म्हणू नका, मला सगळे तेच म्हणायचे. पहिलं रेकॉर्डिंग वर्गात ऐकवा, पण तिला विचारूनच.

वडगावची अक्का:
आमच्या घरी माग आहे. नातू धोटा, ताणा हे शब्द मोबाइलला सांगून बघतो. मी म्हटलं, त्याला कुणी शिकवलंच नाही रे, तू शिकव. पेपरात मात्र पुस्तकातलंच लिही, हेही बजावते. बाई, दोन्ही लागतं.

मलप्रभाकाठ:
अक्का, तुमचं "त्याला कुणी शिकवलंच नाही" हे वाक्य तिला सांगितलं. वर्गात ऐकवायला ती अजून तयार नाही, मीही जोर केला नाही. पण काल तिनं फक्त मला एक रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात आजी आहे, आणि मागे सुपात पाखडल्याचा आवाज.