धातूच्या लॅपटॉपला हात लागताच झिणझिण्या: दोष चार्जरचा की घराच्या अर्थिंगचा?

जुना_वाडा (प्रश्न)

मिरजेतील एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहतो आणि मी घरूनच काम करतो. माझ्या लॅपटॉपचे आवरण ॲल्युमिनियमचे आहे. चार्जर लावलेला असताना तळहात त्यावरून हलकेच फिरवला की बारीक थरथर जाणवते आणि मनगटाची आतली बाजू पुढच्या कडेला टेकली की सुया टोचल्यासारखे होते. बोट एकाच जागी दाबून ठेवले तर मात्र काहीच जाणवत नाही आणि चार्जर काढल्यावर पृष्ठभाग पूर्वीसारखा गुळगुळीत लागतो. शहाबादी फरशीवर अनवाणी बसलो की त्रास वाढतो, पावसाळ्यात विशेष वाढतो, आणि पाय लाकडी पाटावर घेतले की जवळजवळ थांबतो. परवा मी काम करत असताना मुलीने माझ्या दंडाला हात लावला, तर तिच्याही बोटांना मुंग्या आल्या. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे.

वायरमनने टेस्टर लावून पाहिला, त्याचा दिवा पेटला आणि "बॉडीत करंट उतरलाय, लॅपटॉप बदला" असे सांगून तो गेला. सेवा केंद्राने तपासणी करून लॅपटॉप निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला. चार्जर मूळ कंपनीचाच, दोन पिनांचा आहे. नेमके कोणाचे खरे मानावे आणि घरात लहान मूल असताना हे किती गंभीर समजावे, हे जाणकारांनी सांगावे.

रोहित्र

तुम्ही लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निदान करणे सोपे झाले. लॅपटॉप बदलण्याची गरज नाही.

चार्जरमध्ये 230 व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपकडे जाणारी सुमारे 20 व्होल्टची बाजू एका छोट्या ट्रान्स्फॉर्मरने परस्परांपासून विलग केलेल्या असतात. मात्र आतले स्विचिंग (वीज चालू-बंद करणे) सेकंदाला हजारो वेळा होत असल्यामुळे जो विद्युत गोंगाट निर्माण होतो, तो शमवण्यासाठी या दोन बाजूंना जोडणारा एक लहानसा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) मुद्दाम बसवलेला असतो. त्याला वाय-कपॅसिटर म्हणतात. तीन पिनांच्या चार्जरमध्ये त्यातून झिरपणारा प्रवाह अर्थिंगच्या तारेने निघून जातो. दोन पिनांच्या चार्जरमध्ये त्याला वाट नसते, म्हणून तो लॅपटॉपच्या धातूवर येऊन थांबतो आणि तुमच्या शरीरातून फरशीकडे जातो. पाटाने त्रास थांबतो, ओल्या फरशीने वाढतो आणि मुलीने स्पर्श केल्यावर तिलाही जाणवतो, हे सारे त्यामुळेच.

आता प्रमाण पाहू. 2.2 नॅनोफॅरडचा कपॅसिटर धरला, तर 50 हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे साडेचौदा लाख ओहम भरतो. संपूर्ण 230 व्होल्ट त्यावर पडले तरी प्रवाह 0.16 मिलिअँपिअरच्या आसपासच राहील. माणसाला प्रवाह साधारण अर्ध्या मिलिअँपिअरपासून जाणवू लागतो, आणि हातातली वस्तू सोडता न येण्याची अवस्था 10 मिलिअँपिअरच्या आसपास येते. मनगटाची त्वचा पातळ असते आणि लॅपटॉपच्या कडेला स्पर्शाचे क्षेत्र अगदी लहान असते, म्हणून तेथे त्याहून कमी प्रवाहही टोचतो. टेस्टरमधला निऑन दिवा पेटण्यासाठीही अत्यल्प प्रवाह पुरतो, त्यामुळे तो पेटला एवढ्यावरून धोका सिद्ध होत नाही. मल्टिमीटरने धातू आणि अर्थ यांच्यामध्ये मोजल्यास 80 ते 100 व्होल्ट दिसू शकतात आणि पाहणारा घाबरतो, पण त्याच दोन टोकांमध्ये 10 हजार ओहमचा रेझिस्टर जोडला की तो आकडा एखाद्या व्होल्टवर कोसळतो.

हात फिरवतानाच थरथर का जाणवते, याचे उत्तर वेगळे आहे. त्वचेचा कोरडा बाह्यथर इन्सुलेटरचे काम करतो आणि एसी व्होल्टेजमुळे बोट व धातू यांच्यातील आकर्षण सतत कमी-जास्त होत राहते, त्यामुळे सरकत्या बोटाला घर्षण बदलल्याचा भास होतो. अमेरिकेतील एडवर्ड मॅलिनक्रॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली याच अनुभवावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता.

धोक्याची लक्षणे निराळी असतात. बोट स्थिर ठेवूनही झटका बसत असेल, हात आपोआप मागे ओढला जात असेल, ठिणगी दिसत असेल, किंवा चार्जरला जळका वास येत असेल, तर धातूला हात न लावता आधी भिंतीवरचे बटण बंद करावे आणि तो चार्जर पुन्हा वापरू नये. अस्सल वाय-कपॅसिटर बिघडला तरी त्यातून थेट जोड होऊ नये अशा पद्धतीने बनवलेला असतो. स्वस्त नकली चार्जरमध्ये त्याच्या जागी साधा कपॅसिटर घातलेला असू शकतो, आणि तो शॉर्ट झाला तर घरातील पूर्ण व्होल्टेज आवरणावर येऊ शकते. म्हणून चार्जरवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असल्याखेरीज तो घेऊ नये, हे मी कळकळीने सांगतो.

माईनकाठी

मी फ्रँकफर्टमध्ये राहतो. येथे घराचे अर्थिंग उत्तम आहे, वितरण पेटीत गळती होताच पुरवठा तोडणारी 30 मिलिअँपिअरची संरक्षक यंत्रणाही आहे, तरीही माझ्या धातूच्या लॅपटॉपवर हीच थरथर येत असे, कारण चपट्या दोन पिनांचा प्लग सॉकेटमधल्या अर्थच्या पट्ट्यांना स्पर्शच करत नाही. अर्थ असलेली केबल लावल्यावर त्रास संपला. मात्र चार्जरच्या ज्या टोकाला केबल बसते तेथे अर्थची जोडणी असली तरच ही युक्ती चालते. तेथे दोनच संपर्क असतील, तर तीन पिनांची केबल लावूनही काही फरक पडणार नाही.

खांबावरचा

मी कोल्हापूर भागात वायरिंगची कामे करतो. वर सांगितलेले सर्व योग्य आहे, परंतु अर्थची केबल लावण्याआधी तुमच्या सॉकेटमध्ये अर्थ खरोखर आहे का, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. जुन्या वाड्यांमध्ये वरचे मोठे छिद्र असते, पण त्यामागे तार नसते. स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड तीन छिद्रांचे दिसतात आणि त्यांच्या केबलमध्ये दोनच तारा निघतात.

फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यामध्ये 230 व्होल्टच्या आसपास दाब मिळतो, तेवढाच फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मिळाला पाहिजे. घरातील उपकरणे चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये थोडेफार व्होल्ट दिसतात. तेथे अगदी शून्य आले, तर मला समाधान वाटण्याऐवजी शंका येते. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये 100 वॉटचा बल्ब लावून तो पूर्ण पेटतो का, हेही पाहतात, पण केवळ त्यावर विसंबू नका. ही मोजमापे जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, आणि मेन स्विच बंद करून बोर्ड उघडून आत डोळ्यांनी पाहायला सांगा.

जुना_वाडा

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या वायरमनला बोलावले. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये खरोखरच शून्य आले. बोर्ड उघडल्यावर अर्थच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या स्क्रूपर्यंत काळ्या वायरचा बोटभर तुकडा जोडलेला दिसला आणि अर्थची म्हणून येणारी वेगळी तार कुठेच नव्हती. स्वयंपाकघरातील फ्रिजच्या सॉकेटमध्येही तेच आढळले. घरमालक म्हणतात की इतकी वर्षे काही झाले नाही.

खांबावरचा

मला हीच भीती होती. तुमच्या मुंग्यांपेक्षा हा तुकडा कितीतरी अधिक घातक आहे. बाहेरून येणारी न्यूट्रल जर खांबावर किंवा मीटरपाशी तुटली, तर चालू असलेल्या कोणत्याही दिव्यातून किंवा पंख्यातून फेज न्यूट्रलच्या तारेवर येते, तेथून या तुकड्यावाटे अर्थच्या पिनेवर पोचते, आणि फ्रिजच्या दाराला 230 व्होल्ट येतात. फ्रिजमध्ये कोणताही बिघाड नसताना हे होते आणि त्या वेळी समोर अनवाणी उभे असलेले मूल असू शकते. घरमालकांना हे याच शब्दांत सांगा.

मेन स्विच बंद करून घरातील प्रत्येक सॉकेटमधला असा तुकडा आजच काढून घ्या. अंगणात अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप पुरून त्यापासून स्वतंत्र अर्थ तार प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटपर्यंत न्या. नळाच्या पाइपला अर्थ जोडू देऊ नका, कारण मध्ये कुठेही प्लॅस्टिकचा पाइप बदललेला असला की ती अर्थ उरत नाही. मीटरनंतर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती ओळखणारा संरक्षक स्विच) बसवा. तुमच्या लॅपटॉपच्या गळतीने ती पडणार नाही, पण माणसाच्या अंगातून धोकादायक प्रवाह जमिनीकडे जाऊ लागला की ती पुरवठा तोडते. एखादा तुकडा काढायचा राहून गेला, तर नवी अर्थ जोडल्यानंतर हीच आरसीसीबी सारखी पडू लागेल. तेव्हा वायरमनने ती काढून टाकायला सुचवले, तर त्याचे ऐकू नका, राहिलेला तुकडा शोधायला लावा. हे काम पुरे होईपर्यंत फ्रिज हाताळताना पायात कोरडी रबरी चप्पल असू द्या, आणि वॉशिंग मशीन व गीझर वापरू नका.