मानवी हक्कांची इंटर्नशिप: दिल्ली की विडी घरकुल?

तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी
मे महिना आला की आमच्या लॉ कॉलेजच्या वर्गातले निम्मे जण दिल्लीच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे अर्ज टाकतात. मी गेल्या वर्षी सोलापुरातच राहिले, कामगारांच्या केसेस घेणाऱ्या एका वकील सरांकडे. काम एकच, कुंभारीजवळच्या विडी घरकुल या कामगार वसाहतीतल्या विडी कामगार बायकांच्या पेन्शनच्या तक्रारी. एका आजींची पेन्शन बंद पडली होती, कारण हयातीचा दाखला गेला नव्हता. मशीनवर अंगठाच उठेना. चाळीस वर्षं पान कापून, विड्यांना दोरा गुंडाळून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. महिन्याचे जेमतेम १००० रुपये, तेही अडकले. मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला निघतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तापलेल्या पत्र्याखाली तिसऱ्या खेपेला तो निघाला. आपल्या गावच्या प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक उन्हाळा असा काढावा, असं मला मनापासून वाटतं.

वकील, जिल्हा न्यायालय
आजींचं काम झालं, बरं वाटलं. पण ताई, यात कायदा कुठे शिकलात? आयोगात रोज तक्रारी वाचायला मिळतात. घटनेला वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही, एवढं जरी डोक्यात बसलं तरी पुढे किती पक्षकार वाचतील! दाखला तर सेतूतला मुलगाही काढून देतो.

तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी
सेतूतूनच त्यांना दोनदा परत पाठवलं होतं, सर. आणि पेन्शन म्हणजे मेहेरबानी नाही, हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने देवकीनंदन प्रसाद खटल्यात १९७१ सालीच सांगितलंय.

वकील, जिल्हा न्यायालय
तो निकाल सरकारी नोकराचा. आजींची पेन्शन भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली. निकाल तसाच पुढे केलात तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला उडवून लावेल. शिस्तीत शिका म्हणतो ते याचसाठी.

विडी कामगाराची मुलगी, कुंभारी
मला तुम्हा दोघांशी भांडायचंय. माझी आई आजही विड्या वळते. उन्हाळ्यात मुलं येतात, आधारची झेरॉक्स नेतात, आईच्या हातांचे फोटो काढतात. जूनमध्ये फोन लावला तर कुणी उचलत नाही. बार कौन्सिलच्या नियमात एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर इंटर्नशिप नाही, ठाऊक आहे. पण मग पाचव्या आठवड्यात आमचा कागद कुणाकडे असतो?

तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी
ताई, बरोबर आहे तुमचं. मी नोंदवही सरांकडे ठेवून आले, पण नंतर कुणी उघडली का, हे विचारलं नाही. उद्या जाऊन बघते.

विडी कामगाराची मुलगी, कुंभारी
बघा. आणि या वर्षी येणार असाल तर बायका माल द्यायला जातात त्या वेळेला या. मोजताना किती विड्या छाट म्हणून बाजूला काढतात, त्यांची मजुरी मिळते का, जवळ उभं राहून लिहून घ्या. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात छाटीच्या वादाला कलम ३९ होतं. आता नव्या श्रम संहिता आल्यात. हा वाद आता कुणापुढे न्यायचा, ते वकील साहेबांना विचारून या.