नोकरी सोडून पूर्णवेळ लेखन करावे का?

सुताचा हिशेब
अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत चादरी विणणाऱ्या एका कारखान्यात मी हिशेबनीस आहे आणि काही वर्षांपासून दिवाळी अंकांत कथा लिहितो. आता एका प्रकाशकांनी कथासंग्रहाविषयी विचारणा केल्यामुळे नोकरी सोडून केवळ लेखन करावे, असा विचार बळावला आहे. दिवसभर आकडेमोड करून रात्री लिहायला बसलो की वाक्ये जड होतात. मुलगी बारावीला आहे. केवळ लेखनावर घर चालवणाऱ्यांनी स्पष्ट सांगावे.

पूर्वभाग
माझे घर लेखनावर चालते, पण कथेवर नाही. अनुवाद, जाहिरातींचा मजकूर आणि संस्थांच्या स्मरणिका यांतून पैसे येतात, आणि ही कामे दिवसाचा ताजा वेळ खाऊन टाकतात, त्यामुळे स्वतःची कथा माझ्याही वाट्याला रात्रीच येते. दिवाळी अंकांची कथा पावसाळ्यात द्यावी लागते आणि मानधन मात्र कधीकधी जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा उलटली तरी येत नाही. त्यावर बारावीचे शुल्क भरता येईल, असे मला वाटत नाही.

माळढोक
प्रश्न पैशांपुरता नाही. सोलापुरात १९३२ साली जन्मलेले मारुती चितमपल्ली आयुष्यभर वनखात्यात नोकरी करत होते. जंगलात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी पक्ष्यांची आणि झाडांची नावे गोळा केली, ती नोकरीच्या वाटेवरच, आणि पुढे २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आपल्या टेबलावर कामगारांच्या उचलीची वही असेलच. कोणी कशासाठी उचल घेतली, आठवड्याच्या पगारातून किती कापून घ्यायला तो तयार झाला आणि सही करताना मालकाकडे न पाहता खिडकीबाहेर का पाहत राहिला, हे कारखान्याबाहेरच्या लेखकाला दिसणार नाही. (अर्थात माणूस ओळखू येईल असे काहीही लिहू नये, त्याने विश्वासाने सांगितलेले ते असते.) रात्री जमत नसेल तर पहाटे लिहून पाहावे, परंतु ती वही सोडू नये.

सुताचा हिशेब
उचलीच्या वहीकडे मी कामाचा कंटाळा म्हणूनच पाहत होतो. एका कामगाराने उचल फिटल्यावर वहीतली ती ओळ माझ्यासमोर दोनदा खोडायला लावली होती, ते आता आठवले. नोकरीचा निर्णय मुलीच्या परीक्षेनंतर घेईन. प्रकाशकांचा करार मात्र या आठवड्यात येणार आहे.

कलमबहाद्दर
कराराकडे नोकरीपेक्षा आधी लक्ष द्यावे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. म्हणूनच ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द छापील नमुन्यात हळूच बसवलेले असतात, आणि पहिल्या पुस्तकाच्या आनंदात ते वाचायचे राहून जातात. छापील पुस्तकाचे हक्क ठरावीक वर्षांसाठी द्यावेत, तर श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि चित्रपट यांचे हक्क स्वतःकडे ठेवावेत. मानधन छापील किमतीवर मिळणार की सवलत वजा करून, हेही लिहून घ्यावे. प्रकाशकांचे नाव झाकून मुदतीचे कलम येथे टाकलेत, तर सहीपूर्वी वाचून सांगेन.